डी.डी.एस.ची गोळी आणि मुरुमांचं मलम

'डॅप्सोन' हे नाव आजच्या मुलामुलींना माहीत असलंच तर मुरुमांवर लावायच्या जेलमुळे. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या, माझ्या वयाच्या माणसांना ते औषध वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे, आणि तेही या नावाने नाही. आम्ही त्याला 'डी.डी.एस.ची गोळी' म्हणायचो. साठच्या दशकात सायकलवरून येणारा लेप्रसीवाला कर्मचारी ठरलेल्या दिवशी गावाबाहेरच्या झाडाखाली बसायचा आणि पांढऱ्या गोळ्या वाटायचा. घ्यायला येणारी माणसं तोंडावर पदर नाहीतर उपरणं ओढून यायची. आम्हा पोरांना घरचे तिकडे फिरकूही देत नसत. रगतपितीची गोळी ती!

तेच रसायन आता छोट्या ट्यूबमधून मिळतं आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं ते मुरुमांवर लावतात, हे कळल्यावर मला चैन पडेना. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, रसायनशास्त्र नाही. पण 'हे तिथून इथवर आलं कसं?' हा प्रश्न तर इतिहासाचाच. मग वाचत गेले. जे कळलं ते सांगते. थोडं लांबेल, पण सांगण्यासारखं आहे.

डॅप्सोन पहिल्यांदा तयार झालं १९०८ साली, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला. एमिल फ्रोम आणि याकोब विटमन या दोघांनी ते केलं. औषध शोधायचं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्या काळी जर्मनीत रंगांच्या रसायनशास्त्राला जोर होता, त्याच घाईगर्दीत हे एक संयुग निघालं आणि बाटलीत पडून राहिलं. जवळजवळ तीस वर्षं त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

१९३० च्या दशकात गेऱ्हार्ट डोमाक याने प्रॉन्टोसिल नावाचा लाल रंग जंतूंना मारतो हे दाखवलं आणि सल्फा औषधांचं युग सुरू झालं. मग रसायनशास्त्रज्ञांनी सल्फाचे सगळे भाऊबंद कपाटातून बाहेर काढले. त्यात डॅप्सोनही होतं. १९३७ साली इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये, दोन्हीकडे स्वतंत्रपणे, ते जंतू टोचलेल्या उंदरांना देऊन पाहिलं. उंदीर वाचले! पण सल्फाच्या हिशेबाने भरपूर मात्रा माणसांना दिली तेव्हा ते फार विषारी ठरलं. पुन्हा बाटली कपाटात.

त्याला बाहेर काढलं महारोगाने. अमेरिकेत लुईझियाना राज्यात कारव्हिल नावाचं कुष्ठरुग्णालय होतं. रुग्णालय म्हणायचं, पण कायद्याने तिथे रुग्णांना डांबूनच ठेवत. तोवर जगभर कुष्ठरोगावर औषध म्हणजे चौलमुग्राचं, आपल्याकडच्या कडू कवठाच्या जातीचं तेल. ते टोचून घ्यायचं, गाठी यायच्या, मळमळ व्हायची आणि गुण क्वचितच यायचा. १९४१ साली कारव्हिलच्या डॉ. गाय फॅगेट यांनी डॅप्सोनपासून केलेलं 'प्रोमिन' हे औषध काही रुग्णांना शिरेतून द्यायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं चिघळलेल्या जखमा भरू लागल्या. १९४३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. उंदराच्या पावलात तो थोडाफार वाढवता येतो हे कळलं १९६० साली. म्हणजे १९४१ मध्ये हे औषध या रोगावर खऱ्या अर्थाने तपासायला माणसाशिवाय दुसरं माध्यमच नव्हतं. आणि तो माणूसही बंद फाटकाच्या आतला.

प्रोमिन महाग, रोज शिरेतून द्यायचं. भारतात किंवा आफ्रिकेत ते कसं परवडणार? मद्रासजवळच्या चेंगलपट्टूला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन काम करत होते. त्यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ डॅप्सोनच तेलात कालवून, थोड्या मात्रेत टोचायला सुरुवात केली. त्यानंतर नायजेरियात डॉ. जॉन लो यांनी दाखवलं, की टोचायचीही गरज नाही, दिवसाला साधारण शंभर मिलिग्रॅमची गोळी पुरते. हे लो आधी बरीच वर्षं भारतातच कुष्ठरोगावर काम करत होते. विष ठरलेलं औषध कमी मात्रेत अमृत झालं. आणि स्वस्त इतकं, की सायकलच्या कॅरिअरवरच्या पिशवीतून गावोगाव नेता येईल.

तेव्हाच्या वर्ध्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांचं कुष्ठधाम १९३६ पासून चालू होतं. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धूत. शास्त्रीबुवा ही गोळी इकडे पोचण्याआधीच गेले. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं. डॉ. वारदेकरांनी घरोघर जाऊन पाहणी, लोकशिक्षण आणि रुग्ण राहतो तिथेच उपचार अशी पद्धत बसवली. तो सगळा डोलारा या एका गोळीवर उभा होता. पुढे जंतू एकट्या डॅप्सोनला दाद देईनासा झाला, म्हणून १९८० च्या दशकात तीन औषधं मिळून द्यायची पद्धत आली. त्या तीनांतही डॅप्सोन होतंच, आजही आहे.

आता मुरुमांकडे येते. मधला दुवा पोर्तुगालमध्ये आहे.

लिस्बनच्या दोन डॉक्टरांनी १९५० साली एका वेगळ्याच त्वचारोगावर डॅप्सोन वापरून पाहिलं. त्या रोगात अंगावर भयंकर खाजणारे बारीक फोड येतात. गंमत अशी, की या रोगात जंतू नसतोच. तरीही औषधाने दोन-चार दिवसांत खाज थांबली. जंतूच नाही तर औषधाने मारलं काय? असा तो पेच. त्याचं उत्तर हळूहळू सापडलं. डॅप्सोनला दोन गुण आहेत. एक जंतुनाशक, दुसरा दाहशामक. आपल्या रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी दुखऱ्या जागी धावून जातात आणि तिथे जहाल रसायनं सोडतात. त्या माऱ्यात आपलीच कातडी पोळते. डॅप्सोन या पेशींचा मारा सौम्य करतं.

मुरुमात हेच चाललेलं असतं. कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी वयात येताना जोरात काम करू लागतात, केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात आणि मग पांढऱ्या पेशींची फौज येते. लाल, ठणकणारी, पू धरलेली पुटकुळी ही त्या फौजेची करामत. पूर्वी समजत, की छिद्र आधी बुजतं आणि दाह सर्वांत शेवटी येतो. २००३ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी मुरुमांच्या रुग्णांच्या वरवर साध्या दिसणाऱ्या कातडीचे नमुने तपासले, तेव्हा छिद्र बुजण्याच्याही आधी दाहाच्या खुणा दिसल्या. मुरुमांवर नवं दाहशामक शोधावं याला त्यामुळे आणखी बळ आलं.

फार मोठ्या, गाठीगाठींच्या मुरुमांवर डॅप्सोनची गोळी काही डॉक्टर याच्या कितीतरी आधीपासून देत होते. गुणही येत असे. पण १९८२ साली अमेरिकेत आयसोट्रेटिनॉइन बाजारात आलं आणि ती गोळी मागे पडली. (त्या औषधाने गर्भात व्यंग येतं, ही वेगळी आणि दुःखद कथा आहे.) डॅप्सोन मागे पडण्याचं दुसरं कारण होतं रक्त. पोटात घेतलेलं डॅप्सोन तांबड्या पेशींना जाच करतं. बहुतेकांचं हिमोग्लोबिन थोडं उतरतं, काहींचं मात्र धोकादायक उतरतं. महारोगासाठी हा धोका पत्करता येतो. गालावरच्या मुरुमांसाठी पत्करायचा का?

'काहींचं' म्हणजे कोणाचं, हे आपल्याला कसं कळलं? वाचताना मी याच ठिकाणी सर्वांत जास्त वेळ थांबले.

अमेरिकेत शिकागोजवळ स्टेटव्हिल नावाचा तुरुंग होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सैनिकांना मलेरियाने बेजार केलं होतं, म्हणून १९४४ पासून शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी या तुरुंगातल्या कैद्यांना मलेरिया देऊन नवी औषधं तपासायला सुरुवात केली. कैद्यांनी कागदावर सह्या केल्या होत्या. थोडे पैसे मिळत, शिक्षेत सूट मिळण्याची आशा असे. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला, तेव्हा त्यांच्या वकिलांनी याच तुरुंगाकडे बोट दाखवलं होतं, की तुम्हीही तेच करता! दोन्हींत फार मोठा फरक होता, हे खरं. तरी बोट दाखवता आलं, हेही खरं.

तिथेच प्राइमाक्विन हे मलेरियाचं औषध घेतल्यावर काही कैद्यांचं, बहुतांशी काळ्या कैद्यांचं, रक्त एकाएकी उतरू लागलं. लघवी काळसर व्हायची. शोध घेता घेता १९५६ साली कारण सापडलं. या माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी होतं. हे विकर पेशीला चिलखतासारखं असतं. ते कमी असलं की ठरावीक औषधांपुढे पेशी फुटतात. मुलग्यांना हा दोष आईकडून येतो आणि त्यांच्यातच तो जास्त दिसतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे तो जास्त आढळतो, कारण मलेरियापासून तो काहीसं संरक्षण देतो. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे.

साठच्या दशकात त्याच तुरुंगात डॅप्सोनची पाळी आली. विकर पुरेसं असलेल्या आणि कमी असलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या कैद्यांना वेगवेगळ्या मात्रेत डॅप्सोन दिलं आणि तांबड्या पेशी किती झपाट्याने फुटतात ते मोजलं. १९६६ साली निष्कर्ष छापून आले. विकर कमी असलेल्यांचं रक्त बरंच कमी मात्रेत उतरू लागतं. डॅप्सोन देण्याआधी डॉक्टर आज जी रक्ततपासणी करायला सांगतात, तिच्या मुळाशी या माणसांचं रक्त आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी सह्या केल्या होत्या ना? मी एवढंच सांगेन, की हेडमास्तर वर्गात येऊन "मैदान साफ करायला कोण कोण येतं?" असं विचारतात तेव्हा सगळा वर्ग हात वर करतो. त्यातले किती हात आपखुशीचे असतात ते वर्गशिक्षकाला विचारा. तुरुंगात तर दाराला कुलूप असतं.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले, तेव्हा जंतू माणसाच्या शरीरात वाढवून पाहता येईल का, या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःला जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही, प्रयोग फसला. पण ते दार उघडं असताना आत गेले होते.

मुरुमांच्या औषधांचा इतिहास सांगताना आणखी एका तुरुंगाचं नाव टाळता येत नाही. फिलाडेल्फियाचा होम्सबर्ग. तिथे १९५१ ते १९७४ या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी कैद्यांच्या कातडीवर असंख्य प्रयोग केले. मुरुमांवर आजही पहिल्या पसंतीने देतात ते ट्रेटिनॉइनचं मलम त्यांच्याच कामातून पुढे आलं आणि १९७१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध उत्तम आहे, यात वाद नाही. पण त्याच तुरुंगात एका रासायनिक कंपनीसाठी त्यांनी कैद्यांच्या अंगाला डायॉक्सिन हे जहर चोपडलं. मुरुमांसारखे फोड कधी उठतात ते पाहण्यासाठी! २०१० साली क्लिगमन वारले. विद्यापीठाने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली माफी मागितली. तोवर कितीतरी कैदी हयात नव्हते. १९७४ नंतर अमेरिकेत कायदे कडक झाले आणि तुरुंगांतल्या अशा प्रयोगांना लगाम बसला.

आता पुन्हा डॅप्सोन. पोटात घेतलं तर रक्ताला धोका, मग नुसतं चेहऱ्यावर लावलं तर? कल्पना सोपी, पण डॅप्सोन पाण्यात विरघळत नाही. शेवटी एक योग्य द्रावक सापडला आणि पाच टक्क्यांचं जेल तयार झालं. ते लावल्यावर गोळीच्या मानाने जेमतेम शंभरावा हिस्सा औषध शरीरात जातं.

मग चाचणी. ती कशी करतात हे मला फार आवडलं, कारण ती आमच्या बोर्डाच्या पेपरतपासणीसारखी असते. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. इथेही रुग्णाला आपल्या ट्यूबमध्ये काय आहे ते ठाऊक नसतं आणि पुटकुळ्या मोजणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. अर्ध्यांना औषधाचं जेल, अर्ध्यांना हुबेहूब तसंच, पण औषध नसलेलं. दोन चाचण्या मिळून बारा वर्षांवरचे ३,०१० जण होते. बारा आठवडे, दिवसातून दोनदा लावायचं. लाल पुटकुळ्या वेगळ्या, काळ्या-पांढऱ्या टोपीच्या वेगळ्या, अशा एकेक करून मोजायच्या.

निकाल? औषध लावणाऱ्या शंभरातल्या साधारण ४० जणांचे चेहरे बारा आठवड्यांत चांगले सुधारले. आणि औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांतले? साधारण ३३! वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. म्हणजे तिघांतला एक जण नुसत्या वेळेने, चेहरा नीट धुतल्याने, काहीतरी करतोय या समाधानाने सुधारतो. 'अमक्याच्या लेपाने माझ्या भाच्याचे मुरुम गेले' असं आपण छातीठोक सांगतो, तेव्हा तो भाचा या ३३ पैकी असू शकतो. औषधाची खरी कमाई म्हणजे वरचे ते सात-आठ. ती आहे, पण तेवढीच आहे. एकट्या भाच्याला पाहून ती कळली नसती, हजारो चेहरे मोजावे लागले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २००५ मध्ये या जेलला मान्यता दिली. फ्रायबुर्गच्या बाटलीपासून सत्त्याण्णव वर्षांनी. पण अट घातली, की आधी जी-सिक्स-पी-डीची रक्ततपासणी करा. मुरुमांसाठी रक्त काढायला कोण जाणार? म्हणून आणखी एक चाचणी झाली. विकर कमी असलेले आणि मुरुम असलेले ६४ जण त्यासाठी पुढे आले. प्रत्येकाने काही आठवडे औषधाचं आणि काही आठवडे बिनऔषधाचं जेल लावलं. दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन सरासरी ०.३ ग्रॅमच्या आसपास उतरलं, पुढे घसरत गेलं नाही, रक्तक्षयाची लक्षणं कोणात दिसली नाहीत. मार्च २००८ मध्ये तपासणीची अट काढून टाकली. पुढे २०१६ साली साडेसात टक्क्यांचं, दिवसातून एकदाच लावायचं जेल आलं. सूचनापत्रात रक्ताबद्दलचा सावधगिरीचा इशारा मात्र अजून आहे.

स्टेटव्हिलचे कैदी आणि हे ६४ जण यांना तसा प्रश्न एकच विचारला होता: विकर कमी असताना डॅप्सोनने रक्ताचं काय होतं? पण या ६४ जणांना धोका समजावून सांगितला होता, आणि 'मला नको' म्हणून मधूनच घरी जायची मुभा होती. मधल्या चाळीस वर्षांत एवढं बदललं. आपल्याकडेही २०१९ च्या नियमांनी औषधचाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी, माहितीपूर्वक संमती आणि इजा झाल्यास भरपाई बंधनकारक केली आहे. नियम पाळले जातात का, हे पाहत राहणं हे आपलं काम.

आणि चाचणी टाळली की काय होतं, तेही आपल्याच बाजारात दिसतं. दाह कमी करणारी सर्वांत जोरकस मलमं म्हणजे स्टेरॉइडची. मुरुमांवर आणि गोरं दिसायला म्हणून ती आपल्याकडे लोक सर्रास चेहऱ्याला फासतात. चार दिवस लाली जाते, चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात आणि मुरुम दुपटीने उसळतात. २०१८ साली सरकारने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं. तरी दुकानदाराने सुचवलेली किंवा शेजारणीने दिलेली ट्यूब वापरणारे आहेतच. म्हणजे या मुलींवर चाचणीच चालू आहे म्हणायची, फक्त मोजणारं कोणी नाही आणि संमतीही कोणी विचारलेली नाही.

असो. कारव्हिलचे, चेंगलपट्टूचे, नायजेरियाचे रुग्ण, स्टेटव्हिलचे कैदी, यांची नावं आपल्याला कळायची नाहीत. त्यांच्या वाट्याला आलेलं आता भरूनही देता येणार नाही. पण त्यांच्या रक्तातून जे कळलं ते औषधाच्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि आपण तो कागद खोक्यासकट फेकतो. तो वाचावा. घरात कोणाला एखाद्या औषधाने कावीळ झाली असेल, लघवी काळसर झाली असेल, जी-सिक्स-पी-डीचा दोष निघाला असेल, तर मुरुमांचं साधं मलम लिहून घेतानाही डॉक्टरांना ते सांगावं.